दारावरचा कागद

दारावर डकवलेला हा कागद जवळून पाहा. वर न्यायालयाचे नाव, खाली दाव्याचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख. शोधूनही माणूस घरी सापडला नाही किंवा त्याने सही करायला नकार दिला, तर बेलिफाला, म्हणजे न्यायालयाचे कागद पोचवणाऱ्या कर्मचाऱ्याला, समन्स असे बाहेरच्या दाराला लावता येते. हा निकाल नव्हे. निकालापूर्वी आपले म्हणणे मांडण्यासाठी आलेले हे बोलावणे आहे. तरीही कर्जाच्या दाव्यात अनेकजण लाजेने किंवा धास्तीने न्यायालयात जातच नाहीत, आणि मग एकतर्फी हुकूमनामा होतो, म्हणजे त्यांचे म्हणणे न ऐकताच निकालाचा आदेश निघतो.

ही धास्ती जुनी आहे. पुणे जिल्ह्यातल्या या सुप्यात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. १८५९ च्या मुदत कायद्याने रोख्यावर दावा लावायला तीन वर्षांचीच मुदत दिली होती. शेतकऱ्याचे ओझे हलके व्हावे हा त्यामागचा हेतू होता, पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले, आणि निरक्षर कुणब्याचा अंगठा त्याला न वाचता आलेल्या आकड्याखाली उमटत राहिला. दंग्यानंतर चौकशी आयोग बसला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यावर न थांबता कर्जाचा मुळापासूनचा हिशेब तपासण्याची जबाबदारी न्यायाधीशावर टाकली. आज तो कायदा नाही. हिशेबावर हरकत आपल्यालाच घ्यावी लागते, आणि त्यासाठी हजर राहावे लागते.

आता हा हुकूमनामा. बोट ठेवून वाचा: मुद्दल किती, व्याज कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या दराने, दाव्याचा खर्च किती. त्याच्या बजावणीसाठी धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, बारा वर्षांपर्यंत दरखास्त करता येते. मग जप्ती येते, पगारातून कपात होते. मात्र अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र, कारागिराची अवजारे आणि शेतकऱ्याच्या उपजीविकेसाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील ती गुरे व बियाणे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जप्त होत नाहीत.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर ही मुदत हुकूमनामा कळल्या दिवसापासून मोजतात. वकिलाचे पैसे नसतील, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. कोणत्याही उत्पन्नाच्या स्त्रीला तिथे विनामूल्य वकील मिळतो.