'नाही' म्हणता न येणारा नायक

मंडळी, आजचा विषय कळल्यावर एकदोघांनी मला विचारलं, नेभळट नायकावर तासभर काय बोलणार? बोलता येतं. 'मेझोन इक्कोकु' या जपानी मालिकेतला गोदाई युसाकू मी मुद्दाम निवडला, कारण त्याच्यानंतरच्या अशा पुष्कळ नायकांत त्याची छटा दिसते. रुमिको ताकाहाशी यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९८० ते १९८७ या काळात आली. तिच्यावरून स्टुडिओ दीनने केलेली ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका फुजी टीव्हीवर मार्च १९८६ ते मार्च १९८८ चालली, एकूण ९६ भाग. यात राक्षस नाहीत, जादू नाही, यंत्रमानव नाहीत. टोकियोतलं एक मोडकळीला आलेलं लाकडी घर आणि त्यात भाड्याने राहणारी माणसं, एवढंच.

गोदाई पाच नंबरच्या खोलीत राहतो. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नापास होऊन पुन्हा बसणारा, म्हणजे जपानी भाषेत रोनिन. शेजारचा योत्सुया भिंतीला पाडलेल्या भोकातून सरळ आत येतो, बाकीचे बाटल्या घेऊन दारातून येतात, आणि उद्या परीक्षा असलेल्या पोराच्या खोलीत मैफल जमते. तो ओरडतो, चिडतो, पण कुणी उठत नाही. अशात घराची नवी व्यवस्थापक म्हणून क्योको ओतोनाशी येते. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी आणि विधवा. हा प्रेमात पडतो, दारू पिऊन भर रस्त्यात तिच्या नावाने प्रेमाची आरोळी ठोकतो, तिला उचलून थेट आपल्या खोलीत आणतो आणि तिथे गाढ झोपी जातो! शुद्धीत असताना हेच सांगायला त्याला कित्येक वर्षं लागतात.

आता कोझुएकडे या. कोझुए नानाओ ही त्याच्या अर्धवेळ नोकरीतली ओळखीची मुलगी. एकदा फिरायला गेले, मग पुन्हा गेले, तिच्या घरचे त्याला जेवायला बोलावू लागले, आणि गोदाई कधी तिचा 'बॉयफ्रेंड' झाला ते त्यालाही कळलं नाही. माझं मन दुसरीकडे आहे, हे वाक्य तो तिच्यासमोर बोलूच शकत नाही. हे निव्वळ भिडस्तपण म्हणून सोडून देऊ नका. आपण वाईट ठरू नये म्हणून तो गप्प राहतो, आणि त्याची किंमत कोझुए मोजते.

बरं, हा गुंता सुटतो कसा? शेजारीण आकेमी लव्ह हॉटेलात, म्हणजे जोडप्यांना थोड्या वेळासाठी खोली देणाऱ्या हॉटेलात, अडकते, बिल द्यायला पैसे नसतात, गोदाई पैसे घेऊन जातो आणि दोघं बाहेर पडताना नेमकी कोझुए बघते. ती दुसऱ्याशी लग्न करायचं ठरवते. प्रतिस्पर्ध्याचं तेच. टेनिस प्रशिक्षक मिताका श्रीमंत, देखणा, बोलण्यात पटाईत. गोदाईला शंभर वर्षांत जमलं नसतं ते त्याला सहज जमतं. फक्त त्याला कुत्र्यांची भीती, आणि क्योकोकडे भलामोठा कुत्रा, तोही नवऱ्याच्याच नावाचा. ही भीती घालवायला मिताका स्वतः कुत्रा पाळतो, आणि त्या कुत्र्याने स्थळ म्हणून आलेल्या मुलीच्या कुत्रीशी केलेल्या संसारामुळे असा घोळ होतो की मिताका बोहल्यावर चढतो. हसून पोट दुखतं. पण लक्षात घ्या, लेखिकेने नायकाच्या वाटेतले दोन्ही धोंडे स्वतःच्या हाताने उचलले आहेत. गोदाईने एकही हलवलेला नाही.

मग तो वाढला कुठे? माझं उत्तर, पोटापाण्याच्या बाबतीत. या मालिकेत काळ खराखुरा पुढे सरकतो, पात्रांची वयं वाढतात. गोदाई विद्यापीठात जातो, पदवी घेतो, मिळालेली नोकरी रुजू होण्याआधीच जाते कारण कंपनीच बुडते. मग पाळणाघरात काम, तिथूनही कपात, आणि शेवटी कॅबरेत काम करणाऱ्या बायकांची मुलं सांभाळायची. मुलं अंगाखांद्यावर आणि हातात पुस्तक, अशा अवस्थेत तो बालशिक्षकाच्या परवान्याचा अभ्यास करतो. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी स्वतः निवडलं आहे, आणि ते मुलगी नव्हे, काम आहे.

क्योकोबद्दल बोलताना आपल्याकडच्या विधवाविवाहाच्या वादांची फूटपट्टी लावायचा मोह होतो. इथे ती लागत नाही. समाज आडवा येत नाही. तिचे आईवडील मागे लागलेत, सासरा स्वतः म्हणतो, तू नव्याने सुरुवात कर. अडतं तिच्या मनात. नवरा सोइचिरो तिच्याच शाळेतला शिक्षक, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा गेला. दुसऱ्यावर प्रेम केलं तर पहिलं खोटं ठरेल, अशी तिची भीती. म्हणून नुसता गोदाईला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे. ती जळते, रुसते, पण स्वतः एक शब्द बोलत नाही. गोदाई त्याच शाळेत शिकवण्याचा सराव करायला जातो आणि यागामी नावाची विद्यार्थिनी त्याच्या मागे लागते, तेव्हा क्योकोला आपलंच जुनं रूप समोर दिसतं. मालिकेतला हा भाग मला सगळ्यात आवडतो.

गोदाई मागणी घालतो तेव्हा पाठीवर कोण आहे माहितीय? दारू चढलेले क्योकोचे वडील! त्यांना घरी पोचवताना रस्त्यातच तो विचारतो. ती एकच अट घालते: एक दिवस का होईना, माझ्यापेक्षा जास्त जग.

नंतर तो एकटा सोइचिरोच्या थडग्यापाशी जातो. तिच्या मनातला तू आता तिचाच एक भाग आहेस, तेव्हा तुझ्यासकट तिचा स्वीकार करतो, अशा अर्थाचं तो बोलतो. आड उभी असलेली क्योको ते ऐकते. मेलेल्या माणसाशी स्पर्धा करायची नाही, हे त्याला इतक्या वर्षांनी उमगलेलं असतं. या प्रसंगासाठी मी त्याला बरंच काही माफ करतो. सगळं नाही. मृताशी तो जितकं स्पष्ट बोलला तितकं जिवंत कोझुएशी कधीच बोलला नाही. मालिका त्याला याचा जाब विचारत नाही. कोझुए हसतमुखाने निघून जाते आणि गोदाई सुटतो. ताकाहाशींनी तिथे त्याच्यावर जरा जास्तच माया केली, असं माझं स्पष्ट मत आहे.