वारलीचा तास: कार्डशीटच्या आधी नकाशा, मग तांदळाचा रंग

नमस्कार. पुण्यातल्या बऱ्याच शाळांत आदिवासी कलेचा तास म्हणजे तपकिरी कार्डशीट, पांढरा पोस्टर कलर आणि दोन त्रिकोणांचा माणूस. मुलं चित्र घेऊन घरी जातात, पण ते कुणाचं हे त्यांना कळलेलंच नसतं. ते आधी कळायला हवं.

म्हणून पहिली १५ मिनिटं नकाशाला द्या. जुन्नर-आंबेगावात महादेव कोळी आणि ठाकर, मावळ-मुळशीत कातकरी, हे आपल्याच जिल्ह्यातले. वारली पालघरकडचे: डहाणू, तलासरी, जव्हार. नकाशा दाखवतानाच राघोजी भांगरे यांचं नाव घ्या. महादेव कोळी समाजातले, सावकार आणि इंग्रजांविरुद्ध लढले, १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. नावाशिवाय इतिहास शिकवला तर मुलांच्या डोक्यात फक्त ‘आदिवासी लोक’ उरतात.

आता रंग. ४० मुलांना २ वाट्या तांदूळ पुरतात. रात्रभर भिजवा, अगदी बारीक वाटा, सुती कापडातून गाळा. २ चमचे बाभळीच्या डिंकाची पूड कोमट पाण्यात विरघळवून त्यात घाला. इडलीच्या पिठाहून थोडं पातळ ठेवा. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग झडतो. त्याच दिवशी वापरा, पीठ आंबतं.

पुठ्ठ्याला गेरू लावताना त्यातही डिंक हवा, आणि तो पूर्ण वाळू द्या. नाहीतर गेरू उचलला जातो आणि पांढऱ्या रेषा गुलाबी पडतात. ब्रश नको. बांबूच्या काडीचं टोक ठेचून तंतू मोकळे करा.

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो: ओली रेष फिकट दिसते, म्हणून मुलं तीच पुन्हा पुन्हा गिरवतात. थर जाड होतो, वाळल्यावर पापुद्रे निघतात. एकदा काढा, ५ मिनिटं थांबा, रेष आपोआप पांढरी होते.

तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाच काढायचा तर तारपावाला आधी मध्यभागी, मग त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी. कडेपासून सुरू केलं की आत जागा उरत नाही.

लग्नचौक मात्र दाखवा, पण काढायला देऊ नका. पालघाट देवीचा तो चौक लग्नविधीचा भाग आहे, तो सुवासिनी काढतात. भेटकार्डावर त्याची नक्षी करणं बरोबर नाही. सरावाला भातलावणी, मासेमारी, ताडाचं झाड भरपूर आहे. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रंही दाखवा. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. नाव असलेला चित्रकार दिसला की ही आजची, जिवंत कला आहे हे मुलांना पटतं.

सहलीला क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय गाठा. वेळ आधी फोन करून ठरवा. चौघांच्या गटाला एकच वस्तू द्या आणि तीन प्रश्न: कशाची बनली, कोण वापरतं, कुठल्या कामाला. सगळं दालन फिरवलं तर मुलं फोटो काढतात आणि पुढे सरकतात.