जैसलमेरचं गाणं परदेशी जातं तेव्हा

मंडळी, गोंधळी आपल्या दारात कशासाठी येतो हे तुम्हाला सांगायला नको. घरात लग्न झालं की कुळाचार म्हणून गोंधळ घालायचा. गोंधळ्याला कूळ माहीत, कुळाला गोंधळी माहीत. राजस्थानातल्या मांगणियार या गाणाऱ्या जातीचं गाणं समजून घ्यायला हे नातं मनात असलेलं बरं.

मांगणियार राहतात जैसलमेर-बाडमेरच्या वाळवंटात. धर्मानं मुसलमान, जजमान, म्हणजे पिढीजात आश्रयदाते, बहुतेक राजपूत. जजमानाकडे मूल जन्मलं, वरात निघाली की मांगणियारानं जाऊन गायचं. त्या घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं त्याला तोंडपाठ असतात. मोबदल्यात धान्य, बकरी, रोकड, एखाद्या मोठ्या घरून उंटसुद्धा. पुढे संस्थानं गेली, जहागिरी गेल्या, दुष्काळ मात्र येतच राहिले. जजमानाचा हात आखडला तसं गाणाऱ्याच्या चुलीचं कठीण झालं.

लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारी आणि लेखक विजयदान देथा यांनी 1960 मध्ये राजस्थानातल्या बोरुंदा गावात रूपायन संस्थान ही लोककलांचा अभ्यास करणारी संस्था सुरू केली. कोठारी या गायकांच्या गावी गेले, ऐकत बसले, ध्वनिमुद्रणं केली, आणि पुढे त्यांना परदेशातल्या मंचांपर्यंत घेऊन गेले. दौऱ्यांनी पैसा दिला, घरं पक्की झाली. पण मला त्याहून मोठी वाटते ती प्रतिष्ठा. ज्या जातीच्या नावातच ‘मागणं’ आहे, तिच्यातल्या हमीरा गावच्या साकर खाँना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली, तीही कमायचा हे त्यांचं तंतुवाद्य वाजवण्यासाठी.

त्या कमायच्याबद्दल थोडं थांबून बोलू द्या, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, गजानं छेडायच्या तातीच्या तारा आणि त्यांच्यासोबत झंकारणाऱ्या तरफा. आवाज जाड, थोडा घोगरा, म्हाताऱ्या माणसानं जवळ बसवून काही सांगावं तसा. गाण्याला तो सावकाश वाट करून देतो. दौऱ्यावर मात्र एकेका पथकाच्या वाट्याला थोडी मिनिटं येतात, आणि सभागृह मोठं असतं. तिथे खडताल, म्हणजे हातातल्या लाकडी पट्ट्या, खणखणली, ढोलक द्रुत लयीत गेली की टाळ्या पडतात. मग संयोजक पुढच्या वर्षीही तेच मागतात. पेटी हाताशी असते, सूर लावायला सोपी असते, आणि कमायचा घरी राहतो. तो वाजवणारे आणि घडवणारे, दोन्ही हात कमी होत गेले आहेत.

घरी आणखी कुणी राहतं. मांगणियार बायका जजमानाच्या घरी गातात, लग्नाची, बाळंतपणाची कितीतरी गाणी त्यांच्याजवळ आहेत. मंचावर त्या जवळजवळ दिसत नाहीत. रुकमादेवींनी ही रीत मोडली, म्हणून त्यांचं नाव आदरानं घ्यायचं. बाकी परदेशात जे ‘मांगणियार संगीत’ म्हणून ऐकलं जातं, ते मुख्यतः पुरुषांचं गाणं आहे.

राजस्थानातल्याच कालबेलिया या गारुडी जमातीची गोष्ट निराळी. साप पकडणं हा त्यांचा पिढीजात धंदा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंद पडत गेला. त्यांच्यातल्या नर्तकी गुलाबो सपेरा 1985 मध्ये भारत महोत्सवासाठी अमेरिकेत नाचून आल्या, आणि 2010 मध्ये कालबेलिया गाणी-नृत्य युनेस्कोच्या यादीत गेली. आज आपण पाहतो त्या नृत्याचा बराचसा घाट मंचावरच घडला. मला यात वावगं वाटत नाही. धंदा गेलेल्या जमातीनं स्वतःच्या हिमतीवर दुसरा उभा केला. फक्त त्याला ‘जसंच्या तसं जतन’ म्हणू नये.

इथे बसलेल्यांपैकी अनेकांची मुलं परदेशात महाराष्ट्र मंडळांचं काम करतात, म्हणून एक मागणं. इकडून लोककलावंत बोलवाल तेव्हा पथकात एक जुना जाणकार आणि एक शिकणारं पोर, दोघांची तिकिटं काढा. मुक्कामात एक दिवस मंचाशिवायचा ठेवा. कुणाच्या तरी घरी सतरंजी अंथरा, ध्वनिवर्धक बाजूला ठेवा, आणि गोंधळ्यांना सांगा की आमच्या कुळासाठी घाला. चौक भरू द्या, दिवटी पेटू द्या, संबळ तापू द्या. आख्यान पुरं होऊन आरती होईपर्यंत कुणी घड्याळाकडे पाहू नका.