कोंबुचाची बरणी आणि आपलं पोट

नमस्कार मंडळी. कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, प्यायल्याने काय काय बरं होतं याची यादी तुमच्यापैकी अनेकांच्या व्हॉट्सॲपवर येऊन गेली असेल. पचन सुधारतं, यकृत ‘डिटॉक्स’ होतं, शुगर खाली येते, सांधे दुखायचे थांबतात, केस काळे राहतात, आणि यादीच्या शेवटी कॅन्सर असतोच. एवढी लांब यादी पाहिली की मला आजाऱ्यापेक्षा यादी करणाऱ्याची काळजी वाटते. पण मी आज कोंबुचाला नावं ठेवायला आलेलो नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, कोंबुचा मी घरी करतो आणि आवडीने पितो. मला एवढंच पाहायचं आहे की बरणीत नेमकं काय घडतं, आणि त्यातलं किती माणसाच्या शरीरात घडताना कुणी मोजलं आहे.

आधी बरणी. साखर घातलेला कोरा चहा गार करायचा, त्यात आधीच्या खेपेचा आंबट कोंबुचा आणि स्कोबीचा, म्हणजे त्यावर जमलेल्या थराचा, तुकडा घालायचा, कापड बांधून ठेवून द्यायचं. दह्याला विरजण लावतो तसंच हे, फरक इतकाच की इथे कामाला दोन वेगळ्या जातीचे जीव लागतात. पहिले यीस्ट. ते साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतात आणि त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. दुसरे ॲसेटिक आम्ल बनवणारे जिवाणू. ते यीस्टने केलेलं अल्कोहोल हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने व्हिनेगरच्या आम्लात बदलतात, आणि ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल करतात. एकाचं उरलंसुरलं ते दुसऱ्याचं जेवण.

आता वर तरंगणारा तो बुळबुळीत थर. बघणाऱ्याला वाटतं, हाच कोंबुचा, हीच ती अळंबी. रशियात तर त्याला ‘चहाची अळंबी’च म्हणत आणि सोव्हिएत काळात कित्येक स्वयंपाकघरांच्या खिडकीत 3 लिटरच्या काचेच्या बरणीत ती तरंगत असायची. प्रत्यक्षात तो थर म्हणजे जिवाणूंनी विणलेलं सेल्युलोज आहे, कापसात असतं तेच. इंग्लंडमधल्या ए. जे. ब्राऊन या रसायनशास्त्रज्ञाने 1886 साली दाखवलं की व्हिनेगरवर येणारी अशी साय एका जिवाणूच्या करामतीने तयार होते. फिलिपिन्समध्ये त्याच जिवाणूला नारळाच्या पाण्यावर वाढवून ‘नाटा दे कोको’ नावाचे चिवट, पारदर्शक चौकोन करतात. फालुद्यात किंवा फ्रूट कॉकटेलमध्ये तुम्ही ते खाल्ले असतील. सांगायचा मुद्दा असा की थर जिवाणूंची राहायची जागा आहे. खरा ऐवज खालच्या आंबट पाण्यात आहे. नुसता थर आणलात आणि पाणी आणलं नाही, तर पहिली खेप बिघडण्याची शक्यता बरीच.

का, ते नीट समजून घ्या, कारण घरी करताना सगळी सुरक्षितता याच एका गोष्टीवर उभी आहे. गोड कोरा चहा सगळ्याच जंतूंना आवडतो, बुरशीलाही. आपण त्यात सुरुवातीलाच आंबट पाणी घालतो तेव्हा चहाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट), साडेचारच्या खाली येतो आणि नको असलेल्या पाहुण्यांना दार बंद होतं. म्हणून माझं माप असं: 1 लिटर पाणी, 70 ते 80 ग्रॅम साखर, 2 चमचे चहा पावडर आणि किमान 100 मिलिलिटर जुना, चांगला आंबट कोंबुचा. आपली रोजची दाणेदार पावडर चालते, जरा कमी वेळ उकळा म्हणजे कडू होत नाही. दूध नाही, आलं-वेलची नाही, चहा मसाला तर नाहीच. मसाल्यातली तेलं जिवाणूंना त्रास देतात. स्टीव्हियावर हे काम होत नाही, कारण यीस्टला ती खाता येत नाही. गुळावर होतं, पण चव मळकट येते असं माझं मत. चहा पूर्ण गार झाल्याशिवाय स्कोबी टाकू नका.

बरणी काचेची. चिनी मातीची जुनी, चकचकीत बरणी नको. हे मी हौसेने सांगत नाही. ऑस्ट्रेलियात एका जोडप्याला अशाच मातीच्या भांड्यात कोंबुचा करून शिसं भिनल्याची नोंद 1998 साली वैद्यकीय नियतकालिकात आली. झिलईत शिसं असेल तर आंबट पाणी ते हळूहळू ओढून घेतं. तोंडाला घट्ट विणीचं सुती कापड बांधा. जाळीदार कापडातून चिलटं आत जातात आणि मग बरणीत अळ्या दिसतात. घट्ट झाकण लावू नका, कारण आम्ल करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. उन्हात ठेवू नका. 24 ते 29 अंशांत एक आठवडा ते दहा दिवस लागतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मात्र पाचव्या दिवसापासून चव घेत राहा, नाहीतर व्हिनेगर हाती येईल. (तेही वाया जात नाही. सॅलडवर घाला.)

एक पीएचच्या पट्ट्यांचं पाकीट घ्या. पिण्याआधी पीएच 4.2 च्या खाली आलाच पाहिजे. चांगल्या झालेल्या कोंबुचाचा तीनच्या आसपास असतो. आणि वर बुरशी आली तर? तपकिरी धागे खाली लोंबत असले तर ते यीस्ट, त्याला घाबरू नका. पण थराच्या वरच्या कोरड्या बाजूला लव असलेले हिरवे, काळे किंवा पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशा वेळी आपला हात लगेच चमच्याकडे जातो, लोणच्यावरची बुरशी काढून खालचं वापरायची सवय असते ना! इथे ते करायचं नाही. थर, पाणी, सगळं टाकायचं, बरणी कडकडीत पाण्याने धुवायची.

इतिहासात फार वेळ घालवत नाही. ईशान्य चीनकडून हे पेय रशियात आणि तिथून युरोपात गेलं असं सर्वसाधारणपणे मानतात. बाटल्यांवर छापलेली इसवी सनपूर्व 221 ची गोष्ट, सम्राट आणि अमरत्वाचा चहा वगैरे, तिला समकालीन पुरावा नाही. जुनं आहे म्हणून गुणकारी, हा तर्क तसाही लंगडाच.

आता मुख्य गोष्ट, पोटाची. एडझार्ड अर्न्स्ट नावाचे वैद्यक संशोधक होते एक्सेटरला. त्यांनी 2003 साली कोंबुचावरचे माणसांवर झालेले प्रयोग शोधायला घेतले. दाव्यांना आधार देणारी एकही चाचणी त्यांना मिळाली नाही. मिळाल्या त्या त्रास झालेल्या रुग्णांच्या नोंदी. 2019 मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी पुन्हा शोध घेतला. शेकडो लेख चाळून माणसांवरचा प्रत्यक्ष अभ्यास त्यांना एकच सापडला. मग एवढे लेख होते तरी कशावर? काचेच्या नळीतल्या पेशींवर आणि उंदरांवर. आपल्या कोलकात्यातही बोस इन्स्टिट्यूट आणि जादवपूर विद्यापीठातल्या संशोधकांनी ॲलॉक्सन नावाचं रसायन देऊन मधुमेही केलेल्या उंदरांना कोंबुचा दिला आणि त्यांच्यात सुधारणा पाहिली. काम चांगलं आहे, पुढचे प्रश्न विचारायला उपयोगी आहे. पण तो उंदीर औषध टोचून मधुमेही केलेला असतो, आणि आपल्या शेजारच्या काकांना मधुमेह वीस वर्षांत, बैठ्या कामाने आणि जिलबीने झालेला असतो.

‘डिटॉक्स’चा दावा कुठून आला तेही मजेशीर आहे. आपलं यकृत ग्लुकुरॉनिक आम्ल वापरून काही विषारी द्रव्यं शरीराबाहेर काढतं. कोंबुचात हे आम्ल असतं असं कुणी सांगितलं, आणि तिथून थेट यकृत धुऊन निघतं इथपर्यंत उडी मारली गेली. बरणीत मुख्यतः तयार होतं ते ग्लुकॉनिक आम्ल. नावं जवळची, पदार्थ वेगळे. शिवाय यकृत स्वतःला लागणारं ग्लुकुरॉनिक आम्ल घरच्या घरी बनवतं, ते बाहेरून पाजावं लागत नाही.

तसंच ‘प्रोबायोटिक’चं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी 2001 साली केलेली व्याख्या अशी की पुरेशा प्रमाणात घेतल्यावर फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव, ते प्रोबायोटिक. फायदा दाखवावा लागतो, नुसतं जिवंत असून भागत नाही. आणि कोंबुचातले मुख्य जिवाणू ऑक्सिजनवर जगणारे; मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच. ते तिथे जाऊन संसार थाटतील असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

पण बाजू एकतर्फी नाही, तेही सांगतो. 2021 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 36 निरोगी माणसांना दोन गटांत विभागून 10 आठवडे वेगवेगळा आहार दिला. एका गटाला भरपूर तंतुमय आहार, दुसऱ्याला भरपूर आंबवलेले पदार्थ. दुसऱ्या गटात आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि दाह दाखवणारी काही प्रथिनं रक्तात कमी झाली. त्या पदार्थांत कोंबुचा होता, पण दही, केफिर, किमचीही होती. श्रेय कुणाला द्यायचं? एकट्या कोंबुचाला नक्कीच नाही.

दुसरा अभ्यास 2023 चा, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातला. टाइप 2 मधुमेहाच्या 12 जणांना चार आठवडे रोज साधारण 240 मिलिलिटर कोंबुचा दिला. उपाशीपोटीची साखर सरासरी 164 वरून 116 वर आली. बातम्यांत एवढंच छापून आलं. त्याच लोकांना चवीने तसंच पण आंबवलेलं नसलेलं पेय दिलं तेव्हाही ती 162 वरून 141 वर आली होती! ही दुसरी घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही हे खरं, पण 12 माणसांच्या अभ्यासात अशा कसोट्या डळमळीतच असतात. संशोधकांनी स्वतः याला प्राथमिक अभ्यास म्हटलं आहे. या जोरावर कुणी मधुमेहाचं मेटफॉर्मिन बंद केलं, तर त्यात कोंबुचाचा दोष नाही.

साखरेचा हिशेब मात्र आपण इथेच करू शकतो. लिटरला 75 ग्रॅम साखर घातली. निम्मी संपली असं धरलं तरी 200 मिलिलिटरच्या पेल्यात साडेसात ग्रॅम उरते, म्हणजे जवळपास दोन चमचे. तेवढ्याच कोलात साधारण 21 ग्रॅम असते. म्हणून कोला सोडून कोंबुचाकडे वळणाऱ्याचा फायदा आहे. ताक सोडून वळणाऱ्याचा कसला फायदा, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

धोक्यांबद्दल. 1995 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तात आम्ल धोकादायक पातळीला गेलं. त्यातली एक दगावली. कोंबुचामुळेच, असं सिद्ध झालं नाही. तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने तेव्हा म्हटलं की निरोगी माणसाने दिवसाला 4 औंस, म्हणजे आपला अर्धा पेला, प्यायलं तर अपाय होईलच असं नाही. मी तेच माप धरतो. इराणमध्ये तर लोकांनी दुखऱ्या जागी स्कोबी बांधला आणि त्वचेचा अँथ्रॅक्स झाल्याची नोंद आहे. तेव्हा पोटात काय घ्यायचं यावर वाद घाला, पण गुडघ्याला बांधू नका.

अल्कोहोलचा विषय बरेच जण टाळतात. कोंबुचात ते असतंच. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत आणि अमेरिकेतही 0.5 टक्के ही रेषा आहे. 2010 मध्ये तिथल्या मोठ्या दुकानांनी कोंबुचा फळीवरून काढून घेतला होता, कारण बाटलीत आंबणं चालूच राहून ती रेषा ओलांडली जात होती. घरच्या कोंबुचात, विशेषतः फळांचा रस घालून बाटलीबंद केलेल्यात, प्रमाण याहून जास्त जाऊ शकतं. व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिरामची गोळी चालू असेल त्याने घोटभरही घेऊ नये. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, यांनी घरचा कोंबुचा टाळावा.

चिठ्ठी आली आहे: “मला पित्त आहे, चालेल का?” अहो, तीन पीएचचं पेय आहे, छातीत जळजळ होत असेल तर कशाला? दुसरी: “रात्री जेवणानंतर घेतला तर?” चहातलं कॅफीन बरंचसं तसंच राहतं, झोप उडत असेल तर दुपारी घ्या. तिसरी, कोकम घालता येईल का? येईल, आणि छान लागतं. स्कोबी काढून घ्यायचा, गाळलेल्या कोंबुचात दोन-तीन आमसुलं आणि आल्याचा तुकडा घालून जाड काचेच्या, दाब सोसणाऱ्या बाटलीत दोन दिवस बाहेर ठेवायचं, मग फ्रिजमध्ये. चौकोनी बाटली वापरू नका, दाबाने ती कोपऱ्यात तडकते. उन्हाळ्यात एकच दिवस पुरे, आणि बाटली उघडताना तोंड स्वतःकडे धरू नका.

ज्यांना स्कोबी हवा आहे त्यांच्यासाठी मागच्या टेबलावर डबे ठेवले आहेत, प्रत्येकात वाटीभर आंबट पाणीही आहे. झाकणं मुद्दाम सैल ठेवली आहेत, तेव्हा पिशवीत आडवे टाकू नका. आज-उद्या करणार नसाल तर घरी गेल्यावर साखरेचा थोडा गार चहा घालून बाहेरच ठेवा, फ्रिजमध्ये नको. थंडीत जिवाणू मंदावतात आणि पुढच्या खेपेला बुरशी धरते.