पाच लाख निर्मात्यांचा सिनेमा

मित्रहो, सिनेमामुळे समाज बदलतो की नाही, यावर आपण वर्षानुवर्षं वाद घालत आलोय. आज त्या वादात न शिरता मी एकाच चित्रपटाबद्दल बोलणार आहे. १९७६ चा ‘मंथन’. दिग्दर्शन श्याम बेनेगल यांचं, कॅमेरा गोविंद निहलानींचा, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची.

या चित्रपटाचे निर्माते म्हणून पडद्यावर झळकतात गुजरातचे ५ लाख शेतकरी. ते वाक्य शोभेचं नव्हतं. बेनेगल आधी अमूलसाठी माहितीपट करत होते. पण माहितीपट बघतात ते बहुतेक आधीच पटलेले लोक, असं त्यांना वाटू लागलं. मग कथापट करायचा, तर पैसा कुठून आणायचा? अमूलची धुरा सांभाळणाऱ्या डॉ. वर्गीस कुरियन यांनी तोड काढली. सहकारी दूध संस्थांच्या सभासदांनी एका दिवसाच्या दुधाच्या पैशातले २ रुपये सोडायचे. असे १० लाख उभे राहिले. चित्रपट लागला तेव्हा हेच लोक गावागावांतून ट्रक भरून तो बघायला आले. आपला पैसा, आपला सिनेमा!

आता आत काय आहे ते बघा. डॉ. राव हा सरकारी पशुवैद्य सहकारी संस्था काढायला गावात येतो. ही भूमिका गिरीश कर्नाड यांची. लोकांच्या दुधाचे नमुने घेऊन तो फॅट, म्हणजे ज्यावर दुधाचा भाव ठरतो ती स्निग्धता, तपासतो. गावात खाजगी डेअरीवाला मिश्रा आहे, तो देईल तो भाव. तुझ्या दुधात फॅट किती, हे ज्या दिवशी उत्पादकाला कळतं, त्या दिवशी मिश्राची सत्ता हलायला लागते. म्हणून माझ्या मते या चित्रपटातली सगळ्यात राजकीय वस्तू म्हणजे दूध तपासायची ती काचेची नळी.

आणि तेंडुलकर इथे थांबत नाहीत. संस्थेच्या निवडणुकीत दलित उमेदवार सरपंचाला हरवतो आणि सगळं फिरतं. दलितांच्या झोपड्या जळतात. स्मिता पाटीलची बिंदू अडचणीत असताना मिश्रा तिचा कागदावर अंगठा उठवून घेतो. तो कागद रावच्या चारित्र्यावर आळ घेणारा निघतो. रावची बदली होते, तो गाव सोडतो. मागे राहतो नसीरुद्दीन शाहचा भोला. ज्याने आधी रावला उभंही केलं नव्हतं, तोच आता संस्था धरून ठेवायला धडपडतो.

मला थक्क करतं ते हे, की ज्या संस्थेच्या प्रचारासाठी चित्रपट निघाला, तिचाच माणूस त्यात हरलेला दाखवलाय! कुठल्याही प्रचार विभागाने हा शेवट कापला असता. कुरियन यांनी तो तसाच ठेवून गावागावांत नेला. लोकांचा विश्वास बसला तो त्यामुळेच, असं मला ठामपणे वाटतं. सरपंच सूड घेणार, सावकार कागदावर अंगठा घेणार, हे गावकऱ्यांना माहीत होतं. ते लपवणाऱ्या सिनेमावर त्यांनी विश्वास का ठेवावा?

आता मुद्द्याची गोष्ट. चित्रपटाच्या १६ एमएमच्या, म्हणजे छोट्या फिरत्या प्रोजेक्टरवर चालणाऱ्या प्रिंट घेऊन जी पथकं खेड्यांत गेली, त्यांत पशुवैद्य असायचा, दुधाचा तंत्रज्ञ असायचा, चाऱ्याचा जाणकार असायचा. पडद्यावरचा राव संपला की खरा डॉक्टर समोर उभा. प्रश्न विचारा, संस्था काढायची तर नोंदणी कशी करायची ते विचारा. प्रेक्षकाच्या मनात ठिणगी पडली त्याच रात्री तिला हातपाय मिळत होते. आपले कित्येक उत्तम सामाजिक चित्रपट इथेच कमी पडतात. माणूस हेलावून बाहेर येतो आणि दारात त्याची वाट बघणारं कुणी नसतं.

अर्थात, दूध संस्थेत सगळे एका रांगेत भांडं घेऊन उभे राहिले म्हणून गावातली जात गेली नाही. चित्रपटही तसा दावा करत नाही, आणि आपणही करू नये.

फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘मंथन’ची प्रत नव्याने दुरुस्त केली, २०२४ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली, मग आपल्या शहरांतल्या चित्रपटगृहांतही लागली. फार आनंद झाला. पण माझं मागणं तुम्हा फिल्म सोसायटीवाल्यांकडे आहे. रीतसर परवानगी काढा, पडदा आणि प्रोजेक्टर घ्या आणि एखाद्या दूध संकलन केंद्राच्या आवारात संध्याकाळचं दूध घालून झाल्यावर हा खेळ लावा. सोबत फॅटचं मशीन कसं वाचायचं, हे समजावून सांगणारा माणूस न्यायला विसरू नका.