हुलग्यांचं पीठ आणि गुलाबी न होणारी ट्यूब

(वाटीतले हुलगे कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं हे काय आहे ते कुणाला सांगायला नको. हुलगे. धारवाडकडच्या मैत्रिणी हुरळी म्हणतात. घरी याचं माडगं व्हायचं, बैलांना शिजवून घालायचे. एमएस्सीला बायोकेमिस्ट्री घेतली, आणि माझं पहिलं मोठं प्रॅक्टिकल याच हुलग्यांवर आलं.

हुलग्यात युरिएज नावाचं एन्झाइम असतं. शाळेच्या पुस्तकात आपण विकर म्हणायचो, तेच. युरिएज युरियाचे तुकडे करतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. ओल्या रानात युरिया टाकला की नाकाला झोंबणारा वास येतो ना, तो हाच. तिथं मातीतल्या जिवाणूंचं युरिएज काम करत असतं.

जगातलं पहिलं एन्झाइम स्फटिकाच्या रूपात मिळालं ते युरिएजच. १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर यांनी आबईच्या कुळातल्या एका शेंगेच्या दाण्यांतून ते काढलं. सतराव्या वर्षी त्यांचा डावा हात गेला होता, आणि ते डावखुरे होते. एका हातानं नऊ वर्षं ते यामागं लागले होते. एन्झाइम म्हणजे प्रोटीन, हे त्यांचं म्हणणं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षं मानलं नाही. नोबेल मिळालं ते १९४६ साली. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

आता प्रॅक्टिकल. पीठ थंड, सौम्य बफरमध्ये, म्हणजे आम्लता फार बदलू न देणाऱ्या द्रावणात भिजवायचं, मलमलीतून गाळायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्रात गरगर फिरवायचं आणि वरची निवळ बर्फात ठेवायची. एका ट्यूबमध्ये युरिया आणि फिनॉल रेड, म्हणजे अमोनियासारख्या अल्कलीनं रंग बदलणारं द्रव्य घ्यायचं, रंग पिवळा. त्यात निवळीचे थेंब टाकले की अमोनिया सुटतो आणि पिवळ्याचं गुलाबी होतं. शेजारी दुसरी ट्यूब, तिच्यात उकळलेली निवळ. उकळल्यावर एन्झाइम मरतं, म्हणून ती पिवळीच राहायला हवी. हा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना.

माझ्या दोन्ही ट्यूब पिवळ्या. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही.

मी पीठ बदललं, बफर नव्यानं केला, युरियाची दुसरी बाटली फोडली. मराठी शाळेतून आल्यामुळं लेक्चरच्या इंग्रजीची धास्ती आधीच होती. आता वाटलं, हातही चालत नाही आपला. संध्याकाळची खानापूरची बस चुकली त्या दिवशी.

पीएचडी करणाऱ्या एक सिनियर होत्या, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्यांनी निवळीकडं बघितलंच नाही. विचारलं, "ट्यूबा कुठल्या घेतल्यास?"

बेसिनजवळच्या रॅकमधल्या. आदल्या आठवड्यात त्यांच्यातच साखरेची बेनेडिक्ट टेस्ट झाली होती. ते निळं द्रावण असतं मोरचुदाचं, म्हणजे त्यात तांबं. नुसत्या पाण्यानं खंगाळलेल्या काचेला ते किंचित राहिलं होतं, आणि युरिएजला तेवढं पुरतं. एन्झाइमच्या कामाच्या जागेजवळ गंधक असतो, तांबं तिथं जाऊन चिकटतं आणि काम थांबतं.

पण हा झाला अंदाज. अक्कांनी तो तपासायला लावला. कोरी ट्यूब घेतली, तीच निवळ टाकली. थेंब पडला तिथं आधी गुलाबी धूर उतरल्यासारखा दिसला, मग हलवल्यावर सगळी ट्यूब गुलाबी झाली. दुसऱ्या कोऱ्या ट्यूबमध्ये मुद्दाम मोरचुदाच्या पातळ द्रावणाचा एक थेंब आधी टाकला. ती पिवळीच राहिली. तेव्हा कारण सापडलं असं आम्ही म्हटलं.

रेकॉर्डमधली त्या तीन दिवसांची पानं मी फाडणार होते. अक्कांनी फाडू दिली नाहीत. "ट्यूब कुठली, कशानं धुतली, ते पण लिही," म्हणाल्या. अजून माझ्याकडं आहेत ती पानं.

घरी बघायचं असेल तर सोपी युक्ती आहे. दुधात युरियाची भेसळ आहे का, हे तपासायला एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सांगितलेली पद्धत यावरच चालते, कारण तुरीत आणि सोयाबीनमध्येही युरिएज असतं. चमचाभर दुधात अर्धा चमचा तुरीच्या डाळीचं किंवा सोयाबीनचं पीठ घालून नीट हलवा. पाच मिनिटांनी लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवा. निळा झाला तर युरिया आहे. पण शेजारी दुसरी वाटी ठेवा, तेच दूध, पीठ न घालता. कागद तिच्यातही बुडवा, आणि दोन्ही वाट्या कशानं धुतल्या होत्या तेही लिहून ठेवा.