आधी वही, मग क्लाउड

(नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मला बोलावताना सांगितलं होतं, ‘कोणता क्लाउड घ्यावा तेवढं सांगा.’ क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेला, दुसऱ्याच्या जागेतला सर्व्हर. ते मी चहाच्या वेळी सांगेन, दोन मिनिटांचं काम आहे. सोपा प्रश्न आहे, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि फसतात.

आपल्याकडे पूर आला की मीटर-फूट कोणी विचारत नाही. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं, एवढंच विचारतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी नदीकाठच्या बाजारपेठेत घुसलं, त्यानंतर एका व्यापाऱ्याचा मला फोन आला. सर्व्हर टेबलाखाली, आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात! दोन्हींना एकदमच अंघोळ. त्यांना क्लाउड हवा होता, तोही दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. घाबरलेला माणूस मशीन विकत घेऊ शकतो, स्थलांतर करू शकत नाही. स्थलांतराला, म्हणजे सगळं काम क्लाउडवर हलवायला, तीन-चार महिने लागतात आणि त्यातला बराचसा वेळ कॉम्प्युटरपुढे जात नाही.

कुठे जातो, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. एका कारखान्याचं ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, हिशोब सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर, आम्ही शनिवारी रात्री हलवलं. रविवारी सगळं तपासलं. अकाउंट्स चालू, स्टोअर्स चालू, मालकांच्या मोबाइलवर रिपोर्ट दिसतोय. पेढे झाले. सोमवारी सकाळी साडेनऊला फोन आला, की गाडी भरून गेटवर उभी आहे आणि वजनच पडत नाही. वजनकाट्याच्या खोलीत एक जुनाट पीसी होता. वजन थेट सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये लिहायचा, आणि त्यात जुन्या सर्व्हरचा पत्ता कोणीतरी आठ वर्षांपूर्वी हाताने टाकून ठेवलेला. ज्याने टाकला तो नोकरी सोडून गेला होता. त्या पीसीची नोंद आमच्या यादीत नव्हती, कारण यादी आम्ही ऑफिसात बसून केली होती. वॉचमनला विचारलं असतं तर त्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. ज्या कंपनीला आपण माल पुरवतो, तिच्या लाइनवर तो उशिरा पोचला तर काय ऐकून घ्यावं लागतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हापासून मी वही घेऊन कारखान्यात फिरतो. साधी दोनशे पानी. प्रत्येक सॉफ्टवेअरला एक पान. हे कोण वापरतं? हे कोणाशी बोलतं? बंद पडलं तर किती वेळ चालेल? आणि किती तासांच्या नोंदी गेल्या तर परत हाताने भरता येतील? शेवटचे दोन प्रश्न मालकाला विचारले की उत्तर ठरलेलं, ‘एक मिनिटही चालणार नाही.’ डिस्पॅचच्या माणसाला विचारलं की तो सांगतो, ‘दुपारी दोनपर्यंत काही अडत नाही, दोननंतर मात्र ई-वे बिलाशिवाय, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन परवान्याशिवाय, गाडी हलत नाही.’ हे खरं उत्तर. ‘एक मिनिटही नाही’ याची किंमत आणि ‘दुपारी दोनपर्यंत’ची किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वही भरली की निम्म्या गोष्टी हलवायची गरजच नाही असं दिसतं. सीसीटीव्ही घ्या. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात. सोळा कॅमेऱ्यांचा हिशोब तुम्हीच करा आणि रेकॉर्डिंगचा तो डबा आहे तिथेच ठेवा. कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचे प्रोग्रामही मशीनजवळच हवेत. त्यांची रोज एक प्रत क्लाउडवर जाऊ दे. ईमेल केव्हाच बाहेर गेलेला असतो. उरतं काय, तर अकाउंट्स, ईआरपी, ड्रॉइंगची फोल्डरं आणि कोणालाही न आठवणारी एक-दोन जुनी सॉफ्टवेअरं. त्यांतलं एखादं सरळ बंद करून टाकता येतं. द्राक्षवेलीची छाटणी करताना हात आखडता घेतला तर पीक येत नाही, हे या जिल्ह्यात सांगायची गरज नाही.

आता एक तांत्रिक गोष्ट, जरा सावकाश ऐका, कारण सर्वांत जास्त तक्रारी इथून येतात. ‘क्लाउडवर गेलो आणि सॉफ्टवेअर स्लो झालं.’ जुनी सॉफ्टवेअरं बडबडी असतात. एक स्क्रीन उघडायला ती डेटाबेसला आठशे वेळा छोटे छोटे प्रश्न विचारतात. सर्व्हर शेजारच्या खोलीत असताना एका प्रश्नाची फेरी अर्ध्या मिलिसेकंदात होते, म्हणजे सगळी मिळून ०.४ सेकंद. कळतही नाही. तोच डेटाबेस मुंबईला गेला आणि फेरीला १५ मिलिसेकंद लागले, की झाले १२ सेकंद. इंटरनेटचा प्लॅन दुप्पट करून हे सुटत नाही. नळ मोठा केला म्हणून विहीर जवळ येत नाही. उपाय एकच, की सॉफ्टवेअर आणि डेटाबेस दोघांना एकत्र तिकडे न्यायचं, आणि इथे फक्त स्क्रीनचं चित्र आणायचं. हिशोबाचं टॅली सॉफ्टवेअर क्लाउडवर चालवतात ते बहुतेक ठिकाणी असंच.

जागा कोणती? प्रायव्हेट लिमिटेड असाल तर ऑगस्ट २०२२ पासूनचा नियम असा, की हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर हवा. अडचण नाही. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर, म्हणजे क्लाउडचे सर्व्हर असलेली केंद्रं, २०१५ पासून पुणे, मुंबई, चेन्नईला आहेत, ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून, गूगलचं मुंबईत २०१७ पासून. फक्त खातं उघडताना केंद्रांच्या यादीतलं पहिलं नाव दाबू नका. ते अमेरिकेतलं असू शकतं.

आणि क्लाउडवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, हे डोक्यातून काढा. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर आगीत खाक झालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांचा डेटा गेला. टेबलाच्या खालचा खणच तो, फक्त फ्रान्समधला.

पैशांचं थोडक्यात. जुन्या सर्व्हरएवढाच मोठा सर्व्हर तिकडे घेऊ नका. तो तुम्ही पाच वर्षांची वाढ धरून घेतला होता, त्यातला बहुतेक झोपलेला असतो. महिनाभर त्याच्यावर किती ताण येतो ते मोजा, महिनाअखेर धरून. तिकडे तासावर भाडं आहे. महिन्याचे ७२० तास. एका पाळीचं काम रोज दहा तास धरलं तर २६ दिवसांचे २६०. रात्री तिकडचा सर्व्हर बंद करायला कोणी विसरलं की फरक तुमच्या खिशातून. डेटा आत न्यायला बहुधा पैसे नाहीत, बाहेर आणायला आहेत, हेही आधीच विचारून ठेवा. काहींचा हिशोब बसतच नाही. थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकन कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडत असल्याचं जाहीर केलं, कारण त्यांचं काम बारा महिने सारखंच होतं. तुमचंही तसं असेल तर घाई करू नका.

मुहूर्त मात्र काढा. हसू नका, पंचांग जीएसटीचं आहे. ७ तारखेला टीडीएस, ११ ला विक्रीचं विवरण जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं ३बी. महिनाअखेर तर नकोच. मला २१ नंतरचा शनिवार आवडतो. द्राक्ष निर्यातदार असाल तर जानेवारी ते मार्च विषय काढू नका. दोन टेराबाइट डेटा ५० मेगाबिटच्या लाइनवरून पाठवायला कागदावरच पावणेचार दिवस लागतात, तेव्हा मोठा डेटा आठवडाभर आधी पाठवा, शनिवारी फक्त शेवटचे बदल. आणि रविवारी दुपारी चारला एका माणसाने ठरवायचं, पुढे जायचं की जुन्या सर्व्हरवर मागे फिरायचं. तो माणूस आधीच नेमा, आणि तो सॉफ्टवेअर विकणारा नसावा. इंटरनेटच्या दोन लाइन घ्या, पण दोघींच्या केबल एकाच चरातून नाहीत ना ते बघा. सिंहस्थाआधीच्या खोदकामात जेसीबी कंपनी बघून तोडत नाही.

मघाशी मागच्या रांगेतल्या काकांनी विचारलं, जुन्या सर्व्हरचं काय करायचं? काका, तीन महिने तो तसाच ठेवा, कोणाला त्यात लिहू देऊ नका. मागच्या वर्षांचे हिशोब नव्या ठिकाणी उघडतात का, ते एकेक वर्ष उघडून पाहा; कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षांच्या वह्या दाखवता आल्या पाहिजेत. मग भंगारवाल्याला बोलवा. पण त्याआधी आतल्या डिस्क काढून घ्या आणि तुमच्याच ड्रिलवर प्रत्येकीला तीन-चार भोकं पाडा. तेवढं काम सातपूरमध्ये कोणालाही शिकवावं लागत नाही.